मधमाश्यांच्या आरोग्यसेवेचे खासगीकरण : इंग्लंडमध्ये काय विकले गेले आणि काय राखले गेले

महाबळेश्वर तालुक्यात सातेरी या देशी मधमाशीच्या चाळीस पेट्या सांभाळणाऱ्या एका तरुण मधपाळाने विचारले आहे : ‘ब्रिटनमध्ये मधमाश्यांच्या आरोग्याची सरकारी सेवा खासगी कंपनीला विकली, असे वाचले. त्यानंतर तिथल्या मधपाळांचे काय झाले? पेट्या तपासून घ्यायला पैसे मोजावे लागू लागले का? आणि उद्या आपल्याकडे कोणी असा प्रस्ताव मांडला, तर आम्ही तो स्वीकारावा की त्याला विरोध करावा?’

प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल, आणि ती दुरुस्ती हाच माझ्या उत्तराचा निम्मा भाग आहे. इंग्लंडमध्ये ही सेवा सगळीच्या सगळी विकली गेली नाही. तिचे दोन भाग करण्यात आले आणि त्यांतला एक विकला गेला. पेटी उघडून पाहणारा निरीक्षक सरकारकडेच राहिला. त्याने पाठवलेला नमुना जिथे तपासला जातो, ती प्रयोगशाळा मात्र एका कंपनीची झाली. निरीक्षकाच्या भेटीसाठी मधपाळाला पूर्वी पैसे द्यावे लागत नव्हते आणि आजही लागत नाहीत. त्यामुळे ‘सगळे बुडाले’ असे मी सांगणार नाही, पण ‘काहीच बिघडले नाही’ असेही सांगणार नाही, कारण अशा फेरबदलांचे परिणाम पहिल्या वर्षी दिसत नाहीत.

माझी भूमिका कुठून येते ते सांगतो. माझे लहानपण जावळीच्या खोऱ्यात, वडिलांच्या सातेरीच्या पेट्यांजवळ गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मी यॉर्कशायरला आलो, आणि तेव्हापासून तिथे तीस-चाळीस वसाहती सांभाळतो. आमच्या भागातील मधपाळांच्या संघटनेत नव्या सभासदांना रोग ओळखायला शिकवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. म्हणजे हा सगळा बदल मी निरीक्षकाच्या नव्हे, तर ज्याच्या पेट्या तपासल्या जातात त्याच्या जागेवरून पाहिला आहे.

ही सेवा मुळात कशासाठी उभी राहिली, हे समजल्याशिवाय तिचे खासगीकरण समजत नाही. १९०६ च्या सुमारास आइल ऑफ वाइट या बेटावर मधमाश्या पेटीसमोर रांगत मरू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत ती साथ ब्रिटनभर पसरली. कारण कोणाला ठाऊक नव्हते, अधिकार कोणाकडे नव्हता, आणि ज्याला जे सुचेल ते औषध तो पेटीत ओतत होता. त्या काळात देशी काळ्या माशीची जी हानी झाली, तिची आठवण तिथले जुने मधपाळ आजही काढतात. पुढे १९४२ मध्ये फाउलब्रूड या मधमाश्यांच्या अळ्या मारणाऱ्या रोगासाठी कायदेशीर आदेश निघाला आणि पेट्या तपासण्याचा अधिकार असलेले निरीक्षक नेमले गेले. आज १९८० चा मधमाशी कायदा आणि इंग्लंडपुरता २००६ चा रोग व कीड नियंत्रण आदेश लागू आहे. त्यानुसार फाउलब्रूडचा संशय आला तर कळवणे हे मधपाळाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि मालकाची इच्छा असो वा नसो, निरीक्षक पेट्यांपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकन फाउलब्रूड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो, कारण सगळा युक्तिवाद या रोगाच्या स्वभावावर उभा आहे. जिवाणू अळीच्या आत वाढतो, घराचे मेणझाकण लागल्यावर अळी मरते, झाकण आत दबते, काळपट आणि तेलकट दिसू लागते, त्याला वेडेवाकडे छिद्र पडते, आणि आत आगपेटीची काडी घालून हळूच ओढली की तपकिरी चिकट तार निघते. या जिवाणूचे बीजाणू चाळीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. जुन्या चौकटीत, मेणात, मधात, माळ्यावर टाकलेल्या रिकाम्या पेटीत ते पडून असतात. वसाहत दुबळी झाली की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि मधाबरोबर रोगही घरी नेतात. म्हणून इंग्लंडमध्ये यावर औषध देत नाहीत. संध्याकाळी सगळ्या माश्या परतल्यावर वसाहत मारतात, खड्ड्यात जाळतात आणि वर माती लोटतात. त्यानंतर तीन किलोमीटरच्या परिसरातील इतर मधपाळांच्या पेट्याही निरीक्षक पाहतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला हजारो वसाहती या रोगापायी नष्ट कराव्या लागत होत्या. अलीकडे हा आकडा बहुतेक वर्षी शंभराच्या आत असतो. हे यश औषधाचे नाही. ते लवकर कळण्याचे आणि लगेच पोहोचण्याचे आहे.

आता हा व्यवहार हिशेबाच्या नजरेने पाहा. रोग कळवणाऱ्या मधपाळाची वसाहत जाळली जाते. सरकार तिची भरपाई देत नाही. मधपाळांनी स्वतः चालवलेली एक विमा संस्था आहे, तिचे सदस्यत्व असेल तर काही रक्कम मिळते. त्याच्या पेट्यांच्या हालचालीवर बंदी येते, त्या हंगामातले व्यवहार थांबतात, आणि गावात चर्चा होते ती वेगळीच. म्हणजे कळवणाऱ्याचे नुकसान लगेच होते आणि फायदा होतो तो शेजाऱ्यांचा, तोही असा की त्यांना तो कधी दिसत नाही, कारण त्यांच्याकडे रोग आलाच नाही. अशा व्यवहारात कळवणाऱ्याला देण्यासाठी सरकारकडे एकच गोष्ट असते : बोलावल्यावर येणारा, काम जाणणारा, काही न विकणारा आणि बिल न देणारा माणूस. या भेटीला शुल्क लावणे म्हणजे आधीच नुकसान सोसणाऱ्याकडून ते सोसण्याचेही पैसे मागणे होय. असे झाले की रोग संपत नाही, फक्त नोंदवहीतून नाहीसा होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या भागात एक वयस्कर मधपाळ होते. त्यांना एका चौकटीत दबलेली झाकणे दिसली आणि त्यांनी तीन आठवडे कोणालाही काही सांगितले नाही. शुल्काचा प्रश्न नव्हता, ती केवळ लाज होती. चाळीस वर्षे माश्या पाळल्या आणि आपल्याच पेटीत हे निघाले, हे त्यांना सहन होत नव्हते. शेवटी त्यांच्या पत्नीने मला सांगितले आणि मी त्यांच्याकडून फोन करवून घेतला. निरीक्षक दुसऱ्या दिवशी आला. त्याने पेटीजवळच छोट्या पट्टीवरची चाचणी केली, निदान सांगितले, आणि मग तो कुंपणावर त्यांच्या शेजारी बसून तासभर बोलत राहिला : हा रोग स्वच्छतेच्या अभावाने होत नाही, चांगल्यातल्या चांगल्या मधपाळाकडे होतो, तुमच्या माश्या कुठूनतरी लुटून घेऊन आल्या असणार, ते ठिकाण आपल्याला शोधायचे आहे. संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून खड्डा खणला. ते ठिकाण पुढच्या आठवड्यात सापडले : एका बंद पडलेल्या शेतघराच्या आवारातील बेवारस पेटी. कुंपणावरचा तो तास कोणत्याही करारात लिहिता येत नाही, पण त्या तासाशिवाय ती बेवारस पेटी सापडली नसती.

आता प्रत्यक्ष बदलाकडे येतो. हे निरीक्षक ‘नॅशनल बी युनिट’ या विभागाचे. तो यॉर्कजवळ सँड हटन येथे आहे आणि इंग्लंड व वेल्स या दोन्ही देशांसाठी काम करतो. २००९ पासून हा विभाग फूड अँड एन्व्हायर्नमेंट रिसर्च एजन्सी, म्हणजे फेरा, या सरकारी संस्थेत होता. निरीक्षक, रोगनिदानाची प्रयोगशाळा, विषाणूंवर काम करणारे शास्त्रज्ञ आणि मधपाळांच्या नोंदींचा ‘बीबेस’ हा संच, सगळे एकाच संस्थेत होते. पुढे सरकारने फेरासाठी खासगी भागीदार शोधायचे ठरवले, तेव्हा आमच्यात खरी काळजी पसरली : आपल्या पेट्या उघडायला उद्या कंपनीचा माणूस येणार का, आणि त्याला कायद्याचा अधिकार असणार का? सुदैवाने १ ऑक्टोबर २०१४ रोजी मधमाशी निरीक्षकांना, वनस्पती-आरोग्य निरीक्षकांसह, फेरामधून काढून ‘ॲनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सी’ या सरकारी संस्थेत नेण्यात आले. उरलेली वैज्ञानिक संस्था १ एप्रिल २०१५ पासून ‘फेरा सायन्स लिमिटेड’ झाली. तिचा ७५ टक्के हिस्सा कॅपिटा या सेवापुरवठादार कंपनीने २ कोटी पौंडांना घेतला आणि २५ टक्के सरकारकडे राहिला. कॅपिटानेही पुढे आपला हिस्सा ब्रिजपॉइंट या गुंतवणूक संस्थेला विकला. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी बाब अशी की निरीक्षकांचे मुख्यालय आणि कंपनीची प्रयोगशाळा आजही सँड हटनच्या त्याच आवारात आहेत. भिंती त्याच आहेत, पण मध्ये करार आला आहे.

या कराराचा मधपाळाशी काय संबंध? रोजच्या कामात फारसा नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. निरीक्षकाने घेतलेला नमुना तपासला जातो, निकाल येतो, पैसे सरकार देते. फरक पडतो तो अनपेक्षित गोष्टीच्या वेळी. ठरलेली चाचणी करारात लिहिता येते; ‘हे काहीतरी वेगळेच दिसते आहे, जरा पाहा’ हे लिहिता येत नाही. शास्त्रज्ञ आणि निरीक्षक एका संस्थेत असतात तेव्हा असा नमुना कुतूहलापोटी पाहिला जातो. मध्ये ग्राहक आणि पुरवठादार असे नाते आले की त्या कुतूहलाला कोणत्या खात्यातून पैसे द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो. तिथले लोक वाईट असतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यातील कित्येकांनी आयुष्यभर मधमाश्यांसाठी काम केले आहे. मी रचनेविषयी बोलतो आहे. रचना माणसांपेक्षा जास्त काळ टिकते.

याचे एक उदाहरण खासगीकरणाच्या आधीचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्हरोआ हा कोळीवर्गातील परजीवी ब्रिटनमध्ये पहिल्यांदा १९९२ मध्ये डेव्हन परगण्यात सापडला. त्यावर तेव्हा मान्यता असलेल्या, पेटीत लावायच्या दोन्ही औषधी पट्ट्या, बेव्हारॉल आणि ॲपिस्टॅन, पायरेथ्रॉइड या एकाच रासायनिक वर्गातील होत्या. २००१ मध्ये, पुन्हा डेव्हनमध्येच, या औषधांना न जुमानणारे व्हरोआ आढळले. त्यानंतरच्या वर्षांत निरीक्षकांनी ठिकठिकाणी चाचण्या करून औषधाला न जुमानणारे व्हरोआ कुठपर्यंत पोहोचले हे नोंदवले, आणि आम्हाला वेळीच सांगितले की तुमच्या भागात या पट्ट्यांवर आता विसंबू नका. मधपाळाच्या दृष्टीने या माहितीची किंमत अमाप होती. ती नसती तर आम्ही पट्ट्या लावून निश्चिंत बसलो असतो आणि हिवाळ्यात रिकाम्या पेट्या उघडल्या असत्या. पण ‘हे औषध आता चालत नाही’ हे सांगून कोणाचा धंदा होतो? ते विकणाऱ्याला ही बातमी नको असते, आणि ती विकत घ्यायला कोणी एकटा मधपाळ तयार होत नाही. अशी माहिती सार्वजनिक पैशातून तयार झाली नाही, तर ती तयारच होत नाही.

पण सरकारी मालकी म्हणजे आपोआप निःपक्षपातीपणा, असाही गैरसमज करून घेऊ नका. २०१३ मध्ये, फेरा पूर्णपणे सरकारी असताना, तिने निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा भुंग्यांच्या वसाहतींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. तो घाईत झाला होता, तुलनेसाठी ठेवलेल्या जागेवरच्या वसाहतींमध्येही कीटकनाशकाचे अंश आले होते, आणि तज्ज्ञांच्या पूर्वपरीक्षणाविना तो संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. परिणामाचा स्पष्ट पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्याच वर्षी युरोपीय संघातील निर्बंधांना ब्रिटनने विरोध केला. दोन वर्षांनी एका विद्यापीठातील शास्त्रज्ञाने त्याच अभ्यासातील आकडे पुन्हा तपासले आणि उलट निष्कर्ष मांडला : जिथे अंश जास्त, तिथे वसाहतींची वाढ आणि नव्या राण्या कमी. इथे मला दोष देण्यापेक्षा एक गोष्ट दाखवायची आहे. चूक दुरुस्त होऊ शकली, कारण आकडे प्रसिद्ध झालेले होते. तेच आकडे एखाद्या कंपनीने ग्राहकासाठी केलेल्या गोपनीय अहवालात असते, तर ते पुन्हा तपासायला कोणाच्या हाती लागले असते? म्हणून प्रयोगशाळा कोणाची, यापेक्षाही आकडे कोणाचे, हा प्रश्न मी वरचा मानतो.

दुसरी कसोटी आली ती आशियाई गांधीलमाशीची. फ्रान्समध्ये २००४ च्या सुमारास शिरलेली ही जात सप्टेंबर २०१६ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील टेटबरी येथे इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दिसली. ती पेटीसमोर हवेत थांबते आणि चरून परतणाऱ्या कामकरी माश्या उचलून नेते. तिचे घरटे उंच झाडावर पानांत दडलेले असते. ते शोधण्यासाठी निरीक्षक आमिषावर आलेली गांधीलमाशी पकडतात, तिच्यावर रंगाची खूण करतात, ती परत यायला किती मिनिटे लागतात ते मोजतात, उडण्याची दिशा नोंदवतात, आणि दोन-तीन ठिकाणांहून रेषा काढत घरट्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या काही वर्षांत घरटी मोजकी होती; २०२३ मध्ये एकदम ७२ घरटी सापडली. त्या उन्हाळ्यात निरीक्षकांना आपली नेहमीची कामे बाजूला ठेवून दक्षिणेकडील किनारी परगण्यांत दिवस काढावे लागले. हे होऊ शकले, कारण ते सरकारी नोकर होते आणि संकट येताच त्यांना दुसरीकडे पाठवता येत होते. ‘वर्षाला इतक्या भेटी, प्रति भेट इतके पौंड’ अशा कंत्राटावर नेमलेल्या माणसाला हे सांगायचे तर आधी कंत्राट बदलावे लागले असते, आणि गांधीलमाशीच्या नव्या राण्या बाहेर पडण्याआधीचे आठवडे त्यासाठी थांबत नाहीत. निरीक्षकांना २०१४ मध्ये विक्रीतून वगळण्याचा निर्णय किती मोलाचा होता, ते मला त्या वर्षी पटले.

ज्यांना खरोखरच सरकारबाहेर गेलेली सेवा पाहायची असेल, त्यांनी इंग्लंडकडे नव्हे, न्यूझीलंडकडे पाहावे. तिथे अमेरिकन फाउलब्रूडचे नियंत्रण १९९८ च्या आदेशाने मधपाळांच्याच संघटनेकडे सोपवण्यात आले. प्रत्येक मधपाळाने नोंदणी करणे आणि शुल्क भरणे सक्तीचे आहे. वर्षातून एकदा सर्व वसाहतींची तपासणी झालीच पाहिजे. ती मान्यताप्राप्त माणसाकडून करून घ्यायची, किंवा अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण करून, लेखी करार करून स्वतः करायची. रोग सापडला तर सात दिवसांच्या आत वसाहत नष्ट करावी लागते आणि प्रतिजैविक वापरायला बंदी आहे. ही व्यवस्था पंचवीसहून अधिक वर्षे उभी आहे, आणि तिच्यातून मधपाळ स्वतः रोग ओळखायला शिकले, हे मी मनापासून कौतुकाने सांगतो. पण बारकाईने पाहिले तर हे बाजाराचे यश नाही. शुल्क घेण्याचा, नोंदणी सक्तीची करण्याचा आणि दुसऱ्याच्या आवारात जाऊन वसाहत जाळण्याचा अधिकार कायद्याने दिला, म्हणून हे चालते. शिवाय पैसा मधपाळांच्या खिशातून येत असल्याने मनुका या तिथल्या झुडपाच्या फुलांपासूनच्या मधाचे भाव चढले आणि वसाहती झपाट्याने वाढल्या, तेव्हा तपासणीचे काम वाढले. भाव उतरले तेव्हा शुल्क जड वाटू लागले, आणि ते कसे व किती आकारावे यावरून वाद झाले. रोग मधाचा भाव पाहून येत नाही. अशा वेळी भावावर तगणारी सेवा दुबळी पडण्याची भीती राहते.

आता तुमच्या चाळीस पेट्यांकडे येऊ. इंग्लंडचे अनुभव सातेरीवर जसेच्या तसे लावता येत नाहीत. सातेरीचा सर्वांत मोठा शत्रू फाउलब्रूड नसून थाई सॅकब्रूड हा विषाणू आहे. १९९१-९२ मध्ये त्याने केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूतील सातेरीच्या वसाहती इतक्या मोठ्या प्रमाणात मारल्या की अनेक कुटुंबांनी हा व्यवसायच सोडला. त्यावर औषध नाही. वसाहत जोमदार ठेवणे, तगलेल्या वसाहतींपासून पुढची पैदास करणे आणि आजारी पेट्या हलवू न देणे, एवढेच हाती असते. युरोपियन फाउलब्रूडची सातेरीतील नोंदही महाराष्ट्रात १९७० च्या सुमारास झालेली आहे, त्यामुळे तोही तुम्हाला परका नाही. त्यात मेलीफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकमधून राज्याराज्यांत फिरतात, आणि डाळिंबाच्या बागांत, कांद्याच्या बीजोत्पादनाच्या शेतांत परागीभवनासाठी भाड्याने ठेवल्या जातात. म्हणजे रोगाला वाहन मिळते, पण त्याच्या मागे धावणारा, थांबवण्याचा अधिकार असलेला निरीक्षक मिळत नाही. म्हणून तुमचा प्रश्न ‘असलेली सेवा विकावी का’ यापेक्षा ‘जी अजून पुरेशी उभीच राहिलेली नाही, ती उभी राहताना तिचा कोणता भाग कोणाकडे असावा’ असा विचारला पाहिजे.

उभे राहण्याची साधने मात्र आहेत. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ हे पोर्टल आहे, आणि २०२०-२१ मध्ये ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानात रोगनिदान केंद्रांचाही समावेश आहे. अशी केंद्रे चालवायला द्यायचा विषय कुठेही निघाला, तर सरसकट विरोध किंवा सरसकट स्वीकार यांपैकी काहीच करू नका. प्रशिक्षण, पेट्या आणि अवजारांचा पुरवठा, राणीमाश्यांची पैदास, मधाच्या शुद्धतेची चाचणी ही कामे खासगी माणसाने किंवा सहकारी संस्थेने करायला माझी हरकत नाही. तुमच्याच तालुक्यातील मधोत्पादकांच्या सहकारी सोसायटीने हे दाखवले आहे की मधपाळ एकत्र येऊन संस्था चालवू शकतात. पण आजारी पेटीपर्यंतची पहिली भेट, पेट्यांची हालचाल रोखण्याचा अधिकार आणि निदानाचे आकडे या तीन गोष्टी सरकारकडे, विनाशुल्क आणि उघड राहिल्या पाहिजेत, आणि हे करारात पहिल्या पानावर लिहिलेले असले पाहिजे. एक जास्तीचा आग्रह मी धरीन, मग संस्था सरकारी असो वा खासगी : जो तुमचा मध विकत घेतो किंवा तुम्हाला औषध विकतो, त्यानेच रोगाचे निदान करू नये. गिऱ्हाइकाला आपल्या पेट्यांतील आजार सांगायला कोणताही मधपाळ कचरतो, आणि औषधाच्या दुकानदाराला प्रत्येक आजारावर औषध दिसते.

शुल्काविषयी तुम्ही स्पष्ट विचारले आहे, तर स्पष्ट सांगतो. सर्वांनी मिळून, पेट्यांच्या संख्येप्रमाणे, रोग असो वा नसो, वर्षाला थोडी रक्कम भरायची असेल तर ती भरा. न्यूझीलंडची पद्धत तीच आहे आणि तिच्यात न्याय आहे. मात्र प्रत्येक बोलावण्यामागे शुल्क लावले जात असेल, तर रक्कम कितीही छोटी असली तरी ते मान्य करू नका. ज्याच्या पेटीत अळ्या मेल्या आहेत, त्याने फोन उचलण्याआधी खिशाकडे पाहायला नको.

कोणताही प्रस्ताव समोर येण्याआधी यंदाच्या हंगामात एक काम मात्र करा. अंडी-अळ्यांच्या चौकटीत मेलेल्या अळ्या दिसल्या, तर हाताच्या तळव्याएवढा तुकडा कापा आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून खोक्यात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. त्यावर गाव, तारीख, पेटीचा क्रमांक आणि जवळच्या इतर पेट्यांची संख्या लिहा, विषाणूचा संशय असेल तर नमुना कसा पाठवायचा ते आधी फोनवर विचारून घ्या, आणि तो पुण्याच्या संस्थेकडे पाठवा. कोणाला फोन केला, कोण आले, निकाल यायला किती दिवस लागले, हे सगळे वहीत तारखांसह नोंदवा, आणि तालुक्यातील आणखी दहा जणांना नोंदवायला सांगा. आज मिळणारी सेवा कशी आहे याची अशी नोंद तुमच्या हातात असेल, तर उद्या सरकारी अधिकारी येवो की कंपनीचा प्रतिनिधी, तो जे वचन देईल ते तुम्हाला त्या वहीशी ताडून पाहता येईल.